बंद चिमणीचा धूर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय केशवराव पांढरीपांडे वकीलसाहेब, नगरपालिकेतून अगत्याने आलेले सन्माननीय सभासद, व्यासपीठावर बसलेले आपल्या शाळेचे आश्रयदाते शेठ मोतीलालजी, सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मुख्याध्यापिका आदरणीय सुमित्राबाई देवतळे, माझ्या सहकारी शिक्षिका, समोर जमलेले पालक आणि माताभगिनी, आणि इतका वेळ चुळबुळ न करता बसलेल्या माझ्या मुलींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीविषयी, गणित शिकवण्याच्या हातोटीविषयी इतके सुंदर सांगितले की आता मी काय बोलावे असा प्रश्न पडला आहे. मी शिवण शिकवणारी बाई. टाका घालणे जमते, शब्द जुळवणे जमेलच असे नाही. अध्यक्षमहाराजांनी सुचवले, ‘मंदाबाई, तुम्ही बाईंच्या पक्षी पाहण्याच्या छंदावर चार शब्द बोला.’ मी हो म्हटले. पण त्या छंदावर बोलायचे तर एका सकाळविषयी बोलावे लागते, आणि त्या सकाळची आठवण झाली की आजही माझ्या हातून सुई सुटते. आनंदाच्या प्रसंगी असे काही सांगावे की नाही? मी ज्यांना विचारायला हवे त्यांना विचारले आहे. शेठजींनाही विचारले. ते म्हणाले, ‘सांगा. मी समोर बसून ऐकीन.’ म्हणून सांगते.

आपल्या शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, आज जिथे गोदाम आहे, तिथे शेठजींचे कापसाची सरकी काढायचे जुने जिन होते. जिन बंद पडून बरीच वर्षे झाली होती, पण त्याची विटांची उंच चिमणी उभी होती. तिच्या वरच्या कड्याखाली विटा निखळून कोनाडा झाला होता. त्या कोनाड्यात ससाण्यांची जोडी राहायला आली. बाईंकडे त्यांच्या यजमानांची दुर्बीण होती. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो आणि बाई ओट्यावर उभ्या राहून चिमणीकडे बघत राहायच्या. नर कबुतर घेऊन यायचा, मादी हवेतच ते त्याच्या पंजातून घ्यायची. ते पाहून बाई आत आल्या की त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा असायचा.

आणि मग शाळेच्या फाटकाशी फळा लागला. पहिल्या दिवशी बाईंनी खडूने लिहिले, ‘चिमणीवर ससाण्यांची जोडी उतरली आहे.’ संध्याकाळी एक पेन्शनर आजोबा काठी टेकत आले आणि काळजीने म्हणाले, ‘बाई, चिमणी वाचली का हो?’ त्या दिवसापासून बाई ‘जिनाची चिमणी’ असे पूर्ण लिहू लागल्या.

पण लोकांना त्या फळ्याची गोडी लागली. कोणी विहिरीत पडलेले मुंगूस आणून देई, कोणी पतंगाच्या मांज्यात अडकलेले घुबड. हिंगणीकडून लाकडाच्या गाड्या येत, त्यांत एखाद्याने घोरपड बांधून आणलेली असली तर बाई गाडी थांबवून ती सोडवायला लावत. आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर खबर. ‘विहिरीतून काढलेले मुंगूस बोरगावच्या शिवारात सोडले. प्रकृती उत्तम. स्वभाव होता तसाच.’ बाजाराला जाणारी माणसे सायकलवरून उतरून वाचायची. भाजीवाली मला विचारायची, ‘आज काय सुटलं बाई?’ तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आहोत. राज्य बदलल्याची चर्चा नंतर जेवढी झाली, तेवढीच त्या घुबडाच्या पंखाची झाली होती, असे म्हटले तर सभासदांनी रागावू नये.

पुढे शेठजींनी चिमणी पाडायचे ठरवले. त्यांचेही चुकत नव्हते, विटा रस्त्यावर पडू लागल्या होत्या. पण कोनाड्यात पिले होती. बाई शेठजींच्या पेढीवर गेल्या. मी सोबत होते.

बाई म्हणाल्या, ‘पिलांना पंख फुटेपर्यंत थांबा.’

शेठजी म्हणाले, ‘बाई, पाखरं आहेत ती. दुसरीकडे जातील.’

‘मोठी जातील. पिलं कशी जातील?’

शेठजींनी समोरची वही मिटली. मग हसून म्हणाले, ‘ठीक आहे. आधी तुमचे बच्चे उडू द्या, मग आमची चिमणी पडेल.’

आणि त्यांनी शब्द पाळला. सुरुंगवाल्यांना परत पाठवले. सगळ्या गावाने कौतुक केले, फळ्यावर त्यांचे नाव आले. एप्रिलात पिले उडाली. पहिले उडाले तेव्हा मुलींनी इतका आरडाओरडा केला की परीक्षेचा पेपर थांबवावा लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी चिमणी पाडायचा दिवस ठरला.

सकाळची शाळा होती. मुलींना आम्ही ओट्याच्या पुढे जाऊ दिले नाही. रस्ता दोन्हीकडून अडवला होता. माणसे गच्च्यांवर, झाडांवर चढली होती, जणू रामलीलाच बघायची आहे. विहिरींना सुरुंग लावणारा कवडू चिमणीच्या पायथ्याशी वाती ओढून बसला होता. जिनाचा चौकीदार गोमाजी आदल्या संध्याकाळी कंदील घेऊन आत जाऊन बघून आला होता. बॉयलरपासून चिमणीपर्यंत धुराचा जो बोगदा असतो, तोही त्याने पाहिला होता. कोणी नव्हते. सकाळी त्याने पुन्हा तोंडाशी उभे राहून हाका मारल्या. उत्तर आले नाही. लाल झेंडा हलला.

आम्ही सगळे कवडूच्या हाताकडे बघत होतो. बाई एकट्या वर बघत होत्या. चिमणी गेल्यावर ससाणे कुठे बसतील, पाण्याच्या टाकीवर की पिंपळावर, एवढेच त्यांना पाहायचे होते.

त्या म्हणाल्या, ‘मंदा, मादी बसत का नाही?’

मी म्हटले, ‘गर्दी आहे ना, बिथरली असेल.’

‘गर्दीला ती भीत नाही. कड्यापर्यंत येते आणि वळते.’ मग त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पदराने काच पुसली, पुन्हा लावली. आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘वरून धूर निघतोय.’

मी पाहिले. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली, आणि मला दिसायच्या आत त्या ओटा उतरून गेल्या होत्या. पायात चप्पल नव्हती. झेंडेवाल्याने अडवले, त्याचा हात बाजूला करून त्या पुढे गेल्या. आपल्या बाई कधी मोठ्याने बोलत नाहीत हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी त्यांचा आवाज मी रस्त्यापलीकडून ऐकला.

‘कवडू, काडी ओढू नको. आत चूल पेटली आहे.’

कवडूच्या एका हातात काड्यांची पेटी होती, दुसऱ्या हातात काडी. ती काडी त्याच्या बोटांत तशीच राहिली. शेठजी छत्री घेऊन पुढे आले. म्हणाले, ‘बाई, पाखरं उडाली. आता काय राहिलं?’ बाईंनी बोगद्याच्या तोंडाकडे बोट दाखवले आणि स्वतःच तिकडे चालू लागल्या. तेव्हा गोमाजी धावला आणि त्यांच्या आधी आत शिरला.

मग आतून गोमाजीचा आवाज आला, रडवेला. ‘ओ शेठजी, बाई हाय अंदर. लेकरू हाय.’

अध्यक्षमहाराज, माझे वय झाले आहे, मी मरण पाहिले आहे. पण त्या अंधाऱ्या भोकातून कुशीत पोर घेतलेली बाई वाकून बाहेर येते आणि उजेडाने डोळे मिटते, तसे मी काही पाहिलेले नाही. झाडांवरची माणसे आपोआप खाली उतरू लागली. कवडू होता तिथेच हातातली काडी मोडून मोडून तिचे तुकडे करत राहिला. शेठजींची छत्री पडली. मी ओट्यावर उभी होते, आणि माझ्या शेजारच्या मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिची नखे रुतली, ते मला घरी गेल्यावर कळले.

ती बाई म्हणजे समुद्रपूरकडच्या शकुबाई. नवरा वारला, दिराने घराबाहेर काढले, म्हणून कापसाच्या हंगामात कामाला इकडे आल्या. हंगाम संपला, काम संपले. ऊन असे की झाडाखालीही थांबवेना. बोगद्यात गारवा होता. दिवसभर कामाच्या शोधात फिरायचे आणि अंधार पडल्यावर आत शिरायचे, असे चालले होते. गोमाजी पाहून गेला त्यानंतर त्या आल्या. सकाळी पोरीला ताप होता, म्हणून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून पेज शिजत ठेवली होती.

गोमाजीने तिथेच विचारले, ‘म्या केवढ्यानं आवाज देल्ला, तू काऊन नाई बोलली?’

शकुबाई म्हणाल्या, ‘मले वाटलं, मले धराले आले. पोरगी रडून राह्यली होती, तं तिच्या तोंडावर लुगडं दाबून धरलं.’

हे ऐकल्यावर तिथे कोणाला कोणाकडे बघवेना.

बाई त्या दोघींना शाळेत घेऊन आल्या. डॉक्टरांना बोलावणे धाडले. मी पाणी आणले. शकुबाईंनी तांब्या घेतला आणि सहज बोलून गेल्या, ‘या नळाचं पानी मी रोज भरतो. गोड हाय.’ ज्याला कोणी नाही तो आमच्या शाळेच्या नळावर पाणी भरतो, त्यात नवल नाही. पण बाईंचा चेहरा त्या शब्दाने जसा उतरला, तसा सगळ्या सकाळभरात उतरला नव्हता.

दुपारपर्यंत गाव लोटले. हार आले, नारळ आले. बाईंनी एकही हार घालून घेतला नाही. त्या स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. मी आत गेले तर म्हणाल्या, ‘मंदा, लोक म्हणतात मी माणूस वाचवलं. मी माणूस बघतच नव्हते ग. मी पाखरू बघत होते. पिलांना महिनाभर मुदत मागितली, आणि ही आपल्या फाटकातून आत येत होती, बाहेर जात होती. मुंगसाचा स्वभाव मी फळ्यावर लिहिला. हिचा चेहरा मला आठवत नाही.’

मी म्हटले, ‘बाई, पाखरू बघत होता म्हणून तर धूर दिसला.’

त्या म्हणाल्या, ‘धूर दिसला. आणि धूर निघाला नसता तर?’

आपल्यापैकी कोणाकडे आहे का उत्तर? मी चार वर्षे शोधते आहे.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण अध्यक्षमहाराज घड्याळाकडे बघत आहेत. चिमणी पडली, पण आठवड्याने, आणि त्या दिवशी शेठजी स्वतः वाकून बोगद्याच्या टोकापर्यंत गेले होते. पांढरे धोतर काळे करून बाहेर आले, मगच कवडूला हात केला. ससाणे पाण्याच्या टाकीवर गेले. शकुबाई आधी पाहुण्या म्हणून बाईंकडे राहिल्या, मग शाळेत कामाला लागल्या. फळ्यावर आता शकुबाईंची खबर येईल असे लोकांना वाटत होते. ती कधीच आली नाही. मी विचारले, तर बाई म्हणाल्या, ‘पाखराची खबर लिहायची. माणसाकडे आपण जायचं असतं.’ आणि त्या जाऊ लागल्या. शाळा सुटली की स्टेशनाचा मालधक्का, बंद पडलेली जिने, नाल्याकाठची पाले. त्या कुठे जातात हे त्या कोणाला सांगत नसत. आज मी सांगितले, त्याबद्दल त्या माझ्यावर रागावणार आहेत. दुर्बीण मात्र गळ्यात असायचीच. तुम्हाला वाटले असेल, देवतळेबाई संध्याकाळी पक्षी बघायला जातात. तेही खरे होते.

आता बाई हिंगणीला भावाकडे राहायला जाणार. फळ्याचे काय करायचे ते नव्या मुख्याध्यापिका ठरवतील.

आज सकाळी मी शकुबाईंकडे गेले. त्या समोर स्त्रियांच्या बाजूला, खांबाशी बसल्या आहेत. त्यांची सुंदरा आता दुसरीत आहे. मी विचारले, ‘शकुबाई, मी ती गोष्ट सभेत सांगू का?’ त्या पोलके घडी करत होत्या. त्यांनी घडी खाली ठेवली. म्हणाल्या, ‘सांगा. बाईनं आमाले वाचवलं, हे सांगा. पन मी अंदर नुसती मरत पडली होती, असं नोका सांगू. मी बी तं पोरीले वाचवूनच राह्यली होती.’

त्यांचे म्हणणे मी सभेपुढे जसेच्या तसे ठेवले आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो. अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, शेठजींनी मान खाली न घालता ऐकले, मुलींनी आवाज केला नाही, त्या सर्वांची मी ऋणी आहे. बोलताना कुठे टाका उसवला असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर ते माझ्या अडाणी जिभेचे समजून पोटात घालावे, एवढी विनंती करून मी खाली बसते.