पहिलं अंगडं

भूकंपानंतर अलायच्या डोंगरातल्या त्या गावात, शाळेपुढे मदतीच्या ट्रकपाशी तान्ह्या बाळांच्या सामानासाठी रांग लागली होती. पणतीसाठी दूधपावडर न्यायला आलेल्या बुरुलचाआजीच्या कानावर मागच्या सासूसुनेचं बोलणं पडत होतं.

“आई, खोक्यात नवे लोकरीचे कपडे आहेत. तेच घालू ना बाळाला.”

“नंतर घाल की. पण पहिलं अंगडं पिकल्या माणसाच्या कापडाचंच हवं. आधी कुत्र्याला चढवायचं, मग बाळाला, म्हणजे पोर दगावत नाही. तुझ्या नवऱ्यालाही तसंच घातलं होतं.”

“कापडाची पेटी ढिगाऱ्याखाली गेली ना! तुमच्याच रुमालाचं शिवा मग.”

“मी काय म्हातारी दिसते तुला?”

आजी वळली आणि तिनं डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला.

“घे बाई, ह्याचा कोपरा काप. मला ऐंशी कधीच उलटली.”

“अगंबाई, आजी, एक कोपरा आधीच कापलाय की!”

“मागच्या भूकंपात. तेव्हा हा रुमाल माझ्या सासूचा होता. खोकी नव्हती, पावडर नव्हती. त्या बाळाला एवढंच मिळालं.”

“जगलं का हो ते?”

“जगलं म्हणजे! तो बघ ना ट्रकवर. मघापासून ‘रांग मोडू नका’ म्हणून आपल्यावरच खेकसतोय.”