दिगंबरचे बूट

मंडळी, आपण स्वतःला जपतो, ते चांगलंच. पण आपल्या पाठीमागं बसलेल्या माणसाला कोण जपतं? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

गडहिंग्लजकडे दिगंबर चौगुले म्हणून एक गृहस्थ. बियाण्यांच्या कंपनीत कामाला, रोज मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं. एकदा गाडी घसरली, चपलेतला अंगठा सोलला. तेव्हा ठरवलं – आता चामड्याचे बूट घ्यायचे, आणि चांगलेच घ्यायचे.

गेला यशवंत व्हटकरांकडे. व्हटकर जुने कारागीर. दिगंबरनं एका चकचकीत जोडाकडं बोट दाखवलं. व्हटकर म्हणाले, "हा लग्नात घाला. गाडीवर घोटा झाकणारा पाहिजे. तळ शिवलेला पाहिजे, नुसता चिकटवलेला नको. आणि माप द्यायला संध्याकाळी या, दिवसभरानं पाय जरा फुगलेला असतो."

संध्याकाळी हा पुन्हा हजर! चामडं वाकवून पाहिलं, नखानं दाबून पाहिलं, नमुन्याचा जोड घालून दुकानात फिरला, उकिडवा बसला – दोन तास! मंडळी, मुलगी बघायला गेला होता तेव्हा हा अर्ध्या तासात चहा पिऊन उठला होता. हसा, हसा.

बूट आले. आठ दिवस टाचा सोलल्या, मग पायात बसले. बायको इंदुमती तेल चोळून ते मऊ ठेवायची.

एका दुपारी दोघं तिच्या माहेरी निघाले. घाटात वळणावर खडी सांडलेली. गाडी आडवी झाली, आणि दोघांचे पाय खाली घेऊन फरफटत गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी बूट कात्रीनं कापला. चामड्याची बाहेरून चाळण झालेली. आतला पाय – शाबूत. दिगंबरनं हात जोडले.

मग मधला पडदा सरकला. पलीकडच्या खाटेवर इंदुमती. तिच्या पायात काय होतं? पातळ पट्ट्यांची सँडल. तीन बोटं गेली होती.

दिगंबर बघतच राहिला. आणि ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "तुमचा पाय बघू." त्याच्या धडधाकट पायावरून तिनं हात फिरवला. "बरं झालं, बूट घेतले होते."

मंडळी, तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

जखम भरल्यावर तो तिला व्हटकरांकडे घेऊन गेला. म्हाताऱ्यानं तिचा पाय मांडीवर घेतला, माप लावलं, आणि हात थांबला. "यांना एवढं सगळं शिकवलं मी. मागं कोण बसतं, ते मीही विचारलं नाही. माझंही चुकलं, पोरी." बोटांच्या जागी मऊ गादी घालून त्यांनी तिचा बूट शिवला. इंदुमती आज चालते. जरा लंगडते.

आता तुमच्याकडं वळतो. बाहेर तुमच्या गाड्या बघूनच आत आलोय मी. ज्यांना मागं बसवून आणलंत, त्या पलीकडं बसल्यात. त्यांच्या पायात काय होतं, कुणाला सांगता येईल? माना खाली घालू नका. जाताना तिची चप्पल हातात घ्या, तळ किती उरलाय ते बघा, मगच गाडीला किक मारा. आणि ज्याला आत्ता तोंड उघडायचा धीर होईल, त्यानं माझ्याबरोबर विठ्ठल म्हणावं.