शाळेमागचा समुद्र

पोंभुर्ण्याच्या बसथांब्यावर मूलची गाडी काही येईना, तेव्हा बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या जाहिदच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं आपोआप पडू लागलं. एक होता मासेमारी करणारा खुशाल, दुसरे त्याच्या गावच्या शाळेत नवेच आलेले गुरुजी.

"गुरुजी, पोट्ट्यायनं घरोघरचं मीठ शाळेत नेलं म्हणते. काऊन जी?"

"भूगोल, खुशालभाऊ. समुद्रकिनारा शिकवायचा होता."

"तुमी पाह्यला काय समुद्र?"

"नाही ना. म्हणून तर तयार करावा लागला."

"तयार केला? कुठी?"

"शाळेमागच्या बोडीत. तळ्यात पाणी होतंच. पोरांचं मीठ ओतलं, वरून दोन पोती आणखी. काठावर वाळू पसरली. लाटांसाठी चार म्हशी आत सोडल्या."

"शाळेमागच्या बोडीत?"

"हो. पोरांनी पाणी चाखून थू थू केलं. धडा एकदम पक्का झाला."

"अन् मंग?"

"मग मासे वर आले. इवलेइवले, ढिगानं. म्हटलं, बघा, समुद्रात मासे असतात. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या."

"गुरुजी, ते मी सोडलेलं मच्छीचं बी होय जी. सालभराचं पोट हाये माह्यं त्याच्यावर."

मूलची गाडी आली. जाहिद जागचा हलला नाही.

"माह्यी पायल होती ना तिथी? तिनं सांगतलं नाई तुमाले?"

"सांगितलं ना. रडत म्हणाली, हे माझ्या बाबाचे मासे आहेत."

"मंग?"

"मी तिची समजूत काढली. म्हटलं, बाळ, समुद्र कोणाच्या बापाचा नसतो."