उठवणारी टाळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ‘मैदान मित्र मंडळा’चे संस्थापक आदरणीय गंगाधरराव, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले ‘सागर योद्धे’ या व्यावसायिक संघाचे व्यवस्थापक माननीय सौमित्रजी, ज्याला निरोप द्यायला आपण जमलो आहोत तो आपल्या कॉलेजचा चढाईपटू सम्यक, त्याच्या मातोश्री कौसल्याताई, पहिल्या रांगेत बसलेला आपला निलेश आणि त्याची बहीण प्रिती, आणि परळ, लालबाग, वरळी, प्रभादेवीहून आलेल्या माझ्या कबड्डीवेड्या बंधुभगिनींनो, आपणां सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

कार्यक्रमपत्रिकेत ‘चिटणीसांचे मनोगत, पाच मिनिटे’ असं छापलंय. पत्रिका मीच छापून आणली आणि पाच मिनिटांत माझं भागणार नाही, हे मला छापतानाच ठाऊक होतं. माझ्यानंतर एकच कार्यक्रम उरलाय. निलेश व्यासपीठावर येईल, सम्यकच्या डोक्यावर हात ठेवील आणि मग अल्पोपहार. तोवर माझी एक विनंती आहे. माझं बोलणं संपेपर्यंत कुणी टाळ्या वाजवू नका. मी रागावलेली नाही. कारण तुम्हाला कळेलच.

पाहुण्यांना आमच्या मंडळाची ओळख करून द्यायला हवी. सौमित्रजी, आम्ही खेळाडू नाही आणि प्रशिक्षकही नाही. आम्ही बघे. एका कॉलेजच्या कबड्डी संघाचे चाळीस वर्षांचे बघे. मी विमा कंपनीत कारकून होते. माझ्या वरिष्ठांच्या समजुतीप्रमाणे माझ्या तीन आत्या आणि दोन मामा दर जानेवारीत, नेमके आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठवड्यात वारत असत. शेवटी साहेब म्हणाले, बाई, यंदा कोण जाणार ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे बदली माणूस बघतो. आमचे गंगाधरराव स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातून जेवणाआधी उठून वडाळ्याला सामना बघायला गेले होते. व्याही अजून तो विषय काढतात. तुमची लीग टीव्हीवर आली तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता आपलीही पोरं साऱ्या देशाला दिसतील. आज ते खरं होतंय. आनंद व्हायला हवा आणि तो झालाही आहे. पण गेले पंधरा दिवस मला झोप नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. आपला गडी मॅटवर पडला आणि उठेना, की आम्ही ठेक्यात टाळी धरतो. तीन टाळ्या, मग थांबायचं. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं. गडी उठेपर्यंत टाळी सोडायची नाही. या टाळीची सुरुवात माझी. माझा हात जड आहे, टाळी लांबवर ऐकू जाते. पहिल्याच वर्षी गंगाधरराव मला म्हणाले होते, “सरू, तू टाळी धर, बाकीचे येतत मागसून.” तेव्हापासून धरते आहे. आमच्या टाळीवर न उठलेला गडी अजून झालेला नाही, असं आम्ही छाती फुगवून सांगतो. दुसऱ्या कॉलेजची मुलं या टाळीला घाबरतात, याचाही आम्हाला अभिमान आहे. पडलेल्या माणसाला आधी पडून राहू द्यावं, हे आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नाही.

आता निलेशबद्दल. निलेश, तुझ्याबद्दल बोलते आहे, चालेल ना? तो हसतोय. तो सगळ्याला हसून चालेल म्हणतो.

दोन हजार तीन साली आपल्या कॉलेजकडे निलेशसारखा चढाईपटू दुसरा नव्हता. त्या एका हंगामात तो डोक्यावर दोनदा पडला. दोन्ही वेळा आम्ही टाळी धरली, दोन्ही वेळा तो उठला आणि सामना जिंकून देऊनच बाहेर आला. दुसऱ्यांदा तर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन प्रभादेवीपर्यंत नाचलो. पुढे त्याला एका कार्यालयाच्या संघात नोकरी लागली. तिथे सरावात कुणाचा तरी गुडघा लागला. फार जोरात नाही, असं तिथले सगळे सांगत होते. निलेश दोन महिने रुग्णालयात होता. परत आला तेव्हा त्याला जुनं सगळं आठवत होतं, नवं मात्र काही टिकत नव्हतं. आज वीस वर्षं झाली. प्रितीला विचारा, या सभागृहात आल्यापासून त्याने किती वेळा विचारलंय की सामना कधी सुरू होणार.

आणि आम्ही काय केलं? बरा झाल्यावर तो पहिल्यांदा मैदानावर आला तेव्हा कर्णधाराने गमतीने त्याच्यापुढे डोकं वाकवलं. निलेशने त्यावर हात ठेवला. तो सामना आपण एकोणतीस गुणांनी जिंकलो. झालं, रीतच पडली. निलेशचा हात डोक्यावर घेतल्याशिवाय आपला संघ आता मॅटवर उतरत नाही. आपण त्याला वडापाव खिलवतो, पहिल्या रांगेत बसवतो, त्याच्यासोबत फोटो काढतो. आपण एका जायबंदी माणसाचा शकुन केला. गेल्या वर्षी प्रिती मला जिन्यात म्हणाली, “तुम्ही सगळे त्याच्या हाताखाली डोकं देता. त्याच्या डोक्याचं काय झालं, हे एकाने तरी विचारलंत का?” मी तिला चहा घेणार का, असं विचारलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आता यंदाचा जानेवारी. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. दुसऱ्या डावात चढाई करताना एकाने सम्यकचा घोटा धरला, दुसऱ्याने कंबर, आणि सम्यकचं डोकं मॅटच्या कडेवर आपटलं. तो पडला. मी टाळी धरली. हे मंडळाने नाही केलं, मी केलं, ते माझ्याच नावावर लिहा. अकरा वेळा टाळी झाली तेव्हा तो उठला. मी मोजत होते, कारण आधी कुणाला इतका वेळ लागला नव्हता. उठला आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला.

आठवतंय? सगळं मैदान हसलं होतं. पोरगा त्यांची फिरकी घेतोय असं आपल्याला वाटलं. मीही पोट धरून हसले. त्यांच्या राखीव खेळाडूने त्याला दंडाला धरून आपल्या बाकाकडे आणून सोडलं. पुन्हा आत आल्यावर पहिल्याच चढाईत त्याने तीन गडी बाद केले, करंडक आपला झाला आणि बाकाची गोष्ट विनोद म्हणून आठवडाभर वरळीपासून लालबागपर्यंत फिरली. मीच ती पन्नास जणांना सांगितली असेल.

फेब्रुवारीत सम्यक माझ्या घरी आला. उपांत्य सामन्याचे फोटो दाखवा म्हणाला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी झालेला तो सामना त्याला आठवत नव्हता. कुणाशी झाला, हेदेखील नाही. मी नाव सांगितलं, फोटो दाखवले आणि चिवडा दिला. दमला असेल पोरगा, असं मनाशी म्हटलं. मार्चमध्ये तो पुन्हा आला. त्याच खुर्चीवर बसला आणि उपांत्य सामन्याचे फोटो दाखवा म्हणाला. आधी एकदा येऊन गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, अरे, बघून गेलास की. तो म्हणाला, “मावशी, आईला सांगू नका. सरांना पण नको. माझं सिलेक्शन जाईल.”

मी सांगितलं नाही. उलट एप्रिलमध्ये सौमित्रजींच्या संघाचा फॉर्म आला तेव्हा तो मीच भरून दिला. माझं अक्षर चांगलं, म्हणून मंडळात सगळ्यांचे फॉर्म मीच भरते. त्यात एक रकाना होता, पूर्वी डोक्याला मार लागला आहे का. मी पेन थांबवलं. सम्यक म्हणाला, नाही लिहा. सौमित्रजी, तुमच्या कचेरीतल्या त्या कागदावरचं ‘नाही’ माझ्या हातचं आहे. ते खोटं आहे.

गंगाधररावांनी मला चिठ्ठी पाठवली आहे. ‘आवर’ एवढंच लिहिलंय. गंगाधरराव, चाळीस वर्षं तुमचं ऐकलं, आज ऐकणार नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मी एका मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी मला एकच विचारलं, मुलगा अजून खेळतोय का. मी हो म्हटलं. मग त्यांनी समजावलं की पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर तो हलका असला तरी पुरतो. या मुलाचा मार सावकाश भरेल, कदाचित पूर्ण भरेलही, पण आधी तपासायला हवा आणि तोवर मॅटवर पाऊल नको. मला निलेशला लागलेला तो गुडघा आठवला. फार जोरात लागला नव्हता म्हणे.

सोमवारी संघाचं शिबिर सुरू होतंय. आज शनिवार, आणि आज रात्रीच्या गाडीने तो निघणार आहे. मी सम्यकला दोनदा फोन केला, घरी जाऊन आले. तो म्हणाला, आता बरं आहे मावशी, सगळं आठवतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. सहा वर्षांचा असल्यापासून त्याला हेच हवं होतं. कौसल्याताईंनी बीडीडी चाळीतल्या त्या एका खोलीत गाद्या अंथरून त्याला पकडी शिकू दिल्या. आता नव्या इमारतीत गेल्यावर त्याच्या करंडकांसाठी त्यांनी अख्खी भिंत मोकळी ठेवली आहे. अशा मुलाला नको जाऊस कसं म्हणायचं? मला जमलं नाही. म्हणून मी तुम्हां सगळ्यांना साक्षीला घेतलंय.

सम्यक, बाळा, उभा राहा. मी तुला एकच विचारणार आहे. तुला आठवलं तर मी सर्वांसमोर कान धरीन, निलेशला वर बोलावीन आणि आपण वडे खाऊ. जानेवारीतला उपांत्य सामना आपण कुणाशी खेळलो?

थांबा. मागून कुणी सांगू नका. हसूही नका, कृपा करून. त्याला वेळ द्या.

घाई नाही रे. आपल्याला कुठे जायचंय?

नाव मी तुला फेब्रुवारीत सांगितलं. मार्चमध्ये सांगितलं. परवा फोनवरही सांगितलं.

बरं. बस, बाळा. बस तू.

कौसल्याताई, तुम्ही उभ्या राहिलात. या, वर या, त्याच्याजवळ बसा. त्याचा हात धरा. हे तुम्हाला असं, इतक्या माणसांत कळायला नको होतं. मी मार्चमध्येच तुमच्या दारात यायला हवं होतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुमचा मुलगा नव्हता, टीव्हीवर दिसणारा आमच्या कॉलेजचा गडी होता. चाळीस वर्षं मी मुलांवर प्रेम करते असं समजत होते. मी गुणफलकावर करत होते.

आता मंडळाची चिटणीस म्हणून सांगते. पत्रिकेतला शेवटचा कार्यक्रम होणार नाही. निलेशचा हात आज कुणाच्या डोक्यावर जाणार नाही, यापुढेही जाणार नाही. त्याला मैदानावर यायचं असेल तर त्याने आपल्यासारखं तिकीट घेऊन यावं, शेंगा खाव्यात आणि पंचाला शिव्या द्याव्यात. टाळीची रीतही आजपासून बंद. आपला गडी पडला तर आपण गप्प बसायचं आणि डॉक्टरला आत येऊ द्यायचं. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी नवा चिटणीस बघावा. सौमित्रजी, सोमवारी सकाळी नऊ वाजता मी सम्यकसाठी त्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्ही त्याला घ्याल, थांबाल की नाव खोडाल, ते तुमच्या हातात आहे. थांबलात तर आम्ही जन्मभर तुमचे बघे होऊ. नाव खोडलंत तर तो दोष त्याचा नाही, माझ्या अक्षराचा आहे. एवढं मात्र करा, की त्याला आज रात्रीच्या गाडीत बसवू नका.

सभागृह देणाऱ्या विश्वस्तांचे, हार आणि पेढे आणणाऱ्या मंडळींचे, आणि इतका वेळ खरोखरच टाळी न वाजवता बसलेल्या तुम्हां सगळ्यांचे मी आभार मानते. निरोपाच्या सभेत असं बोलू नये हे मला कळतं. माझ्या तोंडून ज्यांचा मान राखला गेला नसेल, त्यांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावं. अध्यक्षांची वेगळी क्षमा मागते.

सम्यक, तुझी मात्र मागत नाही. तू आईचा हात धरून माझ्याकडे ज्या नजरेने बघतोयस, ती मला दिसते आहे. माझ्यावर राग धर. वीस वर्षं धर, तीस वर्षं धर. त्यासाठी मी तुझ्या लक्षात राहायला हवी, आणि मला तेवढंच हवंय.

नमस्कार.