कुठले गायकवाड?

नाही नाही, तुम्हीच सांगा, पोरीला कॉलेज बघायचं म्हणजे काय बघायचं असतं? लॅब बघायची, मास्तर बघायचे, नोकरी द्यायला कुठल्या कंपन्या येतात ते बघायचं... बरोबर ना? पण आमच्या सोसायटीतले नंदकिशोरराव, आख्ख्या पिंपळे सौदागरला फुकट सल्ले वाटत फिरतात, ते म्हणाले, "गायकवाड, ते सगळं सोडा हो, दीक्षा तिथं रमेल का ते बघा. आपल्यासारखी मुलं पाहिजेत!" आता आपल्यासारखी म्हणजे कुणासारखी? त्यांच्या की माझ्या? बोला ना!

तरी तुम्हाला सांगतो, मी गेलो! चाकणची फर्स्ट शिफ्ट करून, कंपनीच्या युनिफॉर्मवरच, पोरीला घेऊन वाकडच्या कॉलेजात. पालकांची मीटिंग होती. शेजारी एक गृहस्थ, कडक इस्त्री, पायावर पाय. "नाव?" म्हटलं, गायकवाड. झालं! "कुठले गायकवाड?" म्हटलं, पिंपरीचे. "तसं नव्हे हो, मूळचे? बडोद्याच्या गायकवाडांपैकी का?" अहो, बडोद्याचा असतो तर चाकणला नटबोल्ट आवळत बसलो असतो का? पण माणूस सोडेल तर शपथ! "पूर्ण नाव काय म्हणालात?" म्हटलं, धम्मरत्न भिवा गायकवाड. "अच्छा... अच्छा!" तो दुसरा अच्छा ऐकलाय कधी? पहिला वर जातो, दुसरा खाली बसतो, आणि मग माणूस मोबाइलमध्ये असा शिरतो की विचारू नका!

डोकंच फिरलं. दीक्षाला म्हटलं, यादीतून खोड हे कॉलेज. "पप्पा, मेकॅनिकल इथलंच चांगलंय." खोड म्हणतो ना! मग माणचं कॉलेज. चहाच्या रांगेत एक बाई, कपात साखर ढवळत ढवळत, "कुठले गायकवाड?" खोड! पुढच्या ठिकाणी तर गेटवरचा वॉचमन, "कुठले गायकवाड, साहेब?" अरे बाबा, तुला गेट उघडायचंय का सोयरीक जुळवायचीय?

राग येतो हो! इतकी वर्षं मशिन चालवतोय, मशिननं एकदा विचारलं नाही, कुठले गायकवाड. पोरीला तरी कुणी न विचारता शिकू द्या, एवढंच मागतोय ना मी? जास्त मागतोय?

शेवटी दीक्षाच भडकली. "पप्पा, तुम्ही असे खोडत बसलात तर मला घरीच शिकावं लागेल. वाकडलाच जाणार मी!" आणि ॲडमिशनला मलाच ओढत घेऊन गेली. तिथं एक सीनियर पोरगा, हसत हसत, "कुठले गायकवाड?" माझ्या मुठी वळल्या... तर ही म्हणते कशी, "बौद्ध. तू?" बस्स! पोरगं चाचरलं, "अं... मी... नाशिकचा." काय सांगू तुम्हाला, छाती अशी फुगली, युनिफॉर्मचं बटणच जायचं!

रमली की हो पोरगी. परवा शनिवारी मैत्रिणीला घरी घेऊन आली, सायली. गुणी मुलगी, पोहे दोनदा मागून घेतले. मी आपलं सहज विचारलं, "आडनाव काय गं बाळा?" "जाधव, काका." आणि तुम्हाला सांगतो, जिभेला हाड नसतं म्हणतात ना... माझ्या याच तोंडानं... मी... "कुठले जाधव?"

दीक्षानं माझ्याकडे नुसतं बघितलं, मग बॅग उचलली आणि म्हणाली, "चल सायली, कॉलेजातच बसू. तिथं बरं पडतं."