झाडलेल्या पांदनीवरचे पाय

माह्यं माहेर जऊळक्याचं. टेसनाच्या मांगं आमचं घर होतं, बाप टेसनाबाहेर भजे अन् चहा विके, म्हून रात म्हनजे मले गाडीचा आवाज अन् फलाटावरचे दिवे, खरा अंधार कसा असते ते मले ठावंच नव्हतं. मंग लगन करून इकडं आली, इंझोरीच्या पल्याड, अन् पाह्यलं तं काय, दिवस बुडाला का शेजारचं घरबी दिसत नाई. मी याईले इचारलं, अवो इथं लाईट कवा येते, तं हे म्हनले, येईन ना, पुनवेले. असे होते हे. बोलत कमी, पन बोलले का असं काईतरी टाकून देत का मानसानं हासावं का रडावं. माह्यं नाव सुमन, पन याईनं मले नावानं कधी हाक मारली असन असं मले याद नाई, अवो बाई, आयकलं का, एवढंच.

आमचं वावर गावापासून लांब, जंगलाच्या कडेले. मधात निस्ती एक पांदन, बैलगाडीची मातीची वाट, अल्याड आमची तूर, पल्याड सागाचं रान. पह्यल्या वर्षी मले वाटे का रातचं जनावर म्हनजे वाघच. जरा खसखस झाली का मी म्हनो, वाघ आला. हे म्हनत, वाघाले काही कामधंदा नाई काय, तुह्या तुरीत येऊन बसाले. रोही हाये, डुक्कर हाये, सायाय हाये, कोल्हा हाये, सारे आपापल्या पोटासाठी येतेत. मंग म्हनले, तुले भेव वाटते कारन तुले त्याईची ओयख नाई, शेजारी समजून घे.

अन् काय सांगू तुमाले ताई, मले याईनं शिकवलं ते आश्विनात. पावसायात पाय टिकत नाई, धुवून जाते, अन् उन्हायात निस्ता फुफाटा, त्यात हत्ती गेला तरी कयत नाई. पन आश्विन लागला, पानी उघडलं, का पांदनीचा चिखल बसते, वर बारीक माती येते, पहाटे दव पडते, त्याच्यात मुंगीबी गेली तं दिसते. तं आमची रीत अशी का संध्याकायी घराकडं निंगाच्या आधी तुराट्याचा खराटा घ्याचा अन् पांदन झाडून काढाची, आंगन झाडतो तशी. अन् सकायी जाऊन पाहाचं का राती कोन आलं, कोन गेलं. गावच्या बाया हासत. म्हनत, सुमन, जंगल झाडून राह्यली, आता सडाबी टाक अन् रांगोयी काढ. सासू म्हने, घरचा उकिरडा तसाच, अन् हे राजारानी पांदन झाडतेत.

पन मले ते आवडलं. आमच्या संसारात दोघानं मियून केलं असं तेच एक काम, बाकी सारं त्याईचं त्याईच्याजवय अन् माह्यं माह्याजवय. सायायीचे काटे मातीत घासत जातेत, फनी ओढल्यावानी. घुबडानं उंदीर उचलला का दोन बाजूले पंखाचे फटके उमटतेत अन् मधात उंदराचे पाय येतेत अन् तिथंच संपतेत. तडसाचं नख दिसते अन् त्याचा मांगचा पाय पुढच्यापेक्षा लहान असते. बिबट नखं आत ठेवून चालते, पंजा गोल, नखाचं टोक नाई. अन् हे म्हनत, नुसता पाय नाई पाहाचा, कोनाचा पाय कोनाच्या पायावर पडला ते पाहाचं, वर जो हाये तो मांगून गेला. एवढं कयलं का रातभर काय झालं ते सारं कयते. मी शायेत जास्त गेली नाई ताई, पन हे मले याईच्यापेक्षाबी चांगलं जमाले लागलं, अन् ते त्याईले आवडे.

एक बिबट्याची मादी होती. याईनं तिले डोयानं कितीदा पाह्यली असन, लय थोडी, पन पायानं ओयखत. पुढचा डावा पंजा जरा बाहेर टाके. सकायी चहा घेताना म्हनत, आज बाई आली होती. मी म्हनो, चांगली सवत ठेवली तुमी, मले लुगडं घ्याले वेय नाई, तिची खबर बरोबर हाये. मंग हासत. म्हनत, तिच्या भेवानं डुकरं कमी येतेत, फुकटची जागलीन हाये, जेवाखावाचंबी तीच पाह्यते. मले तिचं भेव नाई वाटलं असं नाई ताई, भेव वाटेच. पन ओयखीचं भेव येगयं असते.

आमच्या धुऱ्याले लागून देराचं वावर. देविदास भाऊजी. मी लगन करून आली तवा शायेत जात, माह्या हातच्या भाकरी खाऊन मोठे झाले. त्याईचा जीव तापट. डुकराईनं त्याईचा हरभरा उखडला, दोनदा पेरला दोनदा उखडला, मंग त्याईनं तार लावाले सुरुवात केली. दुकानात भेटते ते झटक्याचं मशीन नाई, खांबावर आकडा टाकाचा अन् उघडी तार बांबूच्या खुट्याईले घोट्याएवढ्या उंचीवर ओढाची. दिवस बुडाला का लावाची, पहाटे काढून गुंडायून ठेवाची, म्हनजे कोनाले दिसत नाई. लय जन करतेत, अन् कोनी कोनाचं नाव घेत नाई. याईनं त्याईले म्हनलं, देविदास, तार काई डुक्कर कोन अन् मानूस कोन ते पाहून मारत नाई. भाऊजी म्हनले, दादा, माह्याच हद्दीत हाये, तुमी कायले तिकडं येता.

दिवाई होऊन गेली होती, कार्तिक लागला होता. आमच्या हरभऱ्याले पानी द्याचं होतं अन् वावराची लाईन रातची. दिवसा लाईन देत नाईत, तं करता काय. पोरगा माहा शेलूबाजारले जीप चालवते, तो घरी नव्हता. हे बॅटरी अन् काठी घेऊन गेले. मी संध्याकायी पांदन झाडून आली होती, जाताना म्हनलं, बाई येईन तं सांभायून. तं म्हनले, तिले माह्यं काम नाई, मले तिचं काम नाई.

सकायी चहाले आले नाई. उशीर झाला म्हून मी गेली. पांदनीत पडून होते. बॅटरी हातातून सुटून बाजूले, जयतच होती, उजेडात पिवयी. अंग हात लावून पाह्यलं, थंडं. मी आरडली नाई ताई. काहून नाई आरडली ते मले आजबी समजत नाई. मी माती पाहाले लागली.

याईचे बूट गावाकडून आलेले होते, सरय चाललेले, धावले नाई, पयाले नाई. मंग त्याईच्या बुटाच्या पायावर बाईचा पंजा, डावा बाहेर टाकलेला. ती त्याईच्याजवय आली होती, जरा अंतरावर बसली होती, बसल्याचं अन् शेपटीचं मातीत दिसे, मंग उठून तुरीतून वयसा घालून निंगून गेली. अंगाले तोंड लावलं नव्हतं. अन् तिच्या पंज्यावर टायरच्या चपलीचा पाय. ती चप्पल मीच शेलूबाजारच्या बजारातून आनली होती, एक जोड याईले अन् एक भाऊजीले. पाय आला, याईच्या उशाशी उकिडवा बसला, मंग पांदनीच्या या कडेले गेला, त्या कडेले गेला. दोन्ही कडेले खुट्या उपटल्याचे खड्डे. डुकरं पांदनीतून घुसतेत म्हून भाऊजीनं त्या राती तार पांदनीतून आडवी ओढली होती, अन् सांगाचं राहून गेलं. लाईन पहाटे जाते, बाई त्याच्या नंतर आली असन, नाईतं तीबी तिथंच पडली असती.

मंग मी आरडली. लोकं धावले, अन् पाहता पाहता साऱ्या गावाचे पाय त्या मातीवर पडले, काई राह्यलं नाई. भाऊजी सगळ्याईच्या आधी आले, छाती बडवून रडले, म्हनले, बिबट्यानं घेतला माहा भाऊ. पंजे लोकाईलेबी दिसले होते. सारे म्हनाले लागले, बिबट्या, बिबट्या. फारेस्टचा मानूस आला, त्यानं याईचा घोटा पाह्यला, काया पट्टा होता तिथं, मंग माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, बाई, तुमी पह्यल्यांदा आल्या, काय पाह्यलं तेवढं सांगा.

त्याच्या आधी चुलतसासऱ्यानं मले घरात नेऊन सांगतलं होतं. सुमन, गेलेला येत नाई. बिबट्या म्हनलं तं सरकार भरपाई देऊन पोराले उभं करन, अन् देविदासचं घर वाचन. तार म्हनलं तं दोन्ही घरं जातेत. जनावराचं काय, पिंजऱ्यात टाकन कोनी, तिथंबी खाले भेटते. माही जाऊ कांता, भाऊजीची बायको, माह्या पायाले मिठी मारून बसली होती, सोडे ना. तिच्या पोरी दाराशी उभ्या. मले त्याईची कीव आली ताई, खोटं सांगत नाई.

पन मले रागबी आला होता. लोकं आता म्हनतेत का सुमनबाईनं जनावराले वाचवलं, मोठी पुन्याची बाई. काईचं पुन्य. भाऊजी आले तवा भाऊ पडेल होता अन् त्याईनं आधी तार गुंडायली. मले हाक नाई देल्ली. कोनाले उठवलं नाई. तेवढंच माह्या डोक्यात होतं, दुसरं काईच नव्हतं, अन् तोंडातून निंगालं का तार होती.

मंग पोलीस, मंग पंचनामा, मंग भाऊजी जेलात. आता जमानतीवर हायेत, केस चालू हाये. लोकं म्हनतेत, डाक्टरले तसंबी कयलंच असतं, मंग तू आपल्या तोंडानं काहून बोलली. त्याईले काय सांगाचं. कांता एकदाच माह्या दारात आली. म्हनली, ताई, तुमचा मेला म्हून तुमाले रडता तरी येते, माहा जिताजागता गेला. खरं हाये तिचं. भाऊजी भिताडाकडं तोंड करून पडून राह्यतेत, वावरात पाय टाकत नाईत, पोरीसंगबी बोलत नाईत. माहा पोरगा म्हने, आई, वावर इकून टाकू अन् शेलूबाजारले चाल. मी म्हनलं, तू राहा तिकडं.

पांदन झाडनं मी सोडलं. ती बाई येते का मेली, मले ठावं नाई. मातीकडं पाह्यलं का मले खड्डेच दिसतेत, म्हून मी समोर पाहून चालते.

आता पुन्हा हरभरा पेरला हाये अन् लाईन अजून रातचीच हाये. माह्या वावरात मी पानी देते अन् तिच्या वावरात कांता देते, दुसरं कोन देईन. आमच्या इकडं रातचं पानी देताना हाक देत राह्यतेत, होऽऽ म्हनून, जनावराले कयते का मानूस हाये, अन् शेजारच्या वावरातल्यानं हो द्याचा असते, हो नाई आला तं जाऊन पाहाचं असते. ह्या वर्षी कांतानं हाक देल्ली. आजूबाजूले दुसरं कोनी नाई, मी एकटीच. मी नाई देल्ला हो. दुसऱ्या राती देल्ली, तवाबी मी गप. कांता भेवाड हाये, आवाज बारीक होत गेला, तरी देत राह्यली. मंग एका राती माह्याच्यानं राहवलं नाई अन् मी हो देल्ला.  मंग तिकडून रडाचा आवाज आला.

तवापासून ती हाक देते अन् मी हो देते. दिवसा आमी बोलत नाई, हापशीवर आमनेसामने आलो तं तोंड फिरवतो. मी होऊन हाक नाई देत, तेवढं माह्याच्यानं होत नाई. तिच्या पोरीईचं चांगलं व्हावं, तिच्या घरात पुन्हा कोनी बोलाले लागावं, असं मले वाटते, पन ते माह्या तोंडानं निंगत नाई ताई. तुमी लिहून राह्यल्या ना, तं तुमीच लिहा.