शेवटची फ्लॉपी आधी

जबाब देणार: खुशाल भिवाजी सोनकांबळे, वय २७ वर्षे, धंदा कॉम्प्युटर क्लास, राहणार भैंसा, जिल्हा आदिलाबाद. दिनांक ११ मे १९९७.

मी ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, सुधाकरराव वामनराव पवळे, धंदा शेती, यांनी माझ्यावर तक्रार दिली आहे. त्यांची मयत आई जयवंताबाई हिला मी बिघडलेली फ्लॉपी देऊन फसवले, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खोटे आहे. माझा क्लास नवा आहे. असे नाव पडले तर उद्या कोणी पोर पाठवणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर जयवंताबाई कापसाच्या गाडीसोबत बाजारात आल्या होत्या. क्लासच्या दारात थांबून म्हणाल्या, "काय करून राह्यला रे बाबू? या डब्यात माहा आवाज मावते का?" मी माइक दिला. त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मी काम सोडून ऐकत बसलो. फाइल मोठी झाली. दाबून लहान केली तरी एका फ्लॉपीत बसेना, म्हणून तिचे तुकडे करून चार फ्लॉप्यांवर घालायचे ठरले. बाईंना प्रश्न फार. एक हरवली तर? मी म्हणालो, मग उघडणार नाही. "आन् मशीन पयले कोणती मांगते?" मी सांगितले, शेवटची. कोणता तुकडा कुठे आहे, हे तिच्यावरच लिहिलेले असते. बाई खूप हसल्या. सुरुवातीला थोडे बोलायचे राहिले म्हणाल्या आणि मला बाहेर उभे केले. ते मी न ऐकताच ओव्यांच्या आधी जोडले व फ्लॉप्यांना नंबर घालून दिले.

बाई फाल्गुनात वारल्या. नंतर सुधाकरराव आईने त्यांना दिलेली एक नंबरची फ्लॉपी घेऊन आले. मशीनने शेवटची मागितली. ते चिडले. "थोरला मी हाओ, पयला नंबर माहा हाय, हे शेवटचीच काऊन मांगते?" दुसरी व तिसरी त्यांचे भाऊ पांडुरंगराव व रामाजी यांच्याकडून आणली, तरी मशीन तेच म्हणे. चौथी नाहीच, असे तिघे म्हणाले. मी ती माझ्या हाताने केली होती. त्यावर तक्रार झाली.

काल जमादारसाहेब स्वतः बघायला क्लासवर आले. त्यांना मशीनचे भारी नवल. त्यांनी विचारले, बाईला लेकरं किती? शेवटी रामाजी म्हणाला, "मनकर्णा हाय." या बहिणीने जातीबाहेर लग्न केल्यापासून भावांनी येणे-जाणे तोडले होते. आई गेल्याचा निरोपही दिला नव्हता. जमादारसाहेबांनी मुधोळला तिच्या घरी माणूस पाठवला.

दुपारी मनकर्णाबाई आल्या. चौथी फ्लॉपी चोळीच्या खणात गुंडाळलेली होती. त्या दारातच उभ्या राहिल्या. कोणी आत ये म्हटले नाही. मला राग आला, पण माझ्यावरच तक्रार असल्याने मी मशीनकडे वळलो. सुधाकररावांनी विचारले, "दुसरा काही रस्ता नाही का?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी मनकर्णाबाईंकडे हात पुढे केला व म्हणाले, "दे." मनकर्णाबाई म्हणाल्या, "मीच घालतो." त्यांची फ्लॉपी घातल्यावर मशीनने भावांच्या ओळीने मागितल्या आणि शेवटी परत मनकर्णाबाईंचीच. फाइल उघडली.

ओव्यांच्या आधी जयवंताबाईंचा आवाज आला. तो जसाच्या तसा सांगतो: "आली का माय मनकर्णे? सुधाकर, तिले बसायले दे. मंग मी म्हणतो."

सुधाकरराव उठले व आपली खुर्ची सरकवून दिली. पुढच्या ओव्या ते उभ्यानेच ऐकत होते.

आज ते तक्रार मागे घेतो म्हणतात. माझी काही हरकत नाही. हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. खुर्चीचे लिहू नका, अशी सुधाकररावांची विनंती होती. पण ते घडले आहे, म्हणून राहू द्यावे.

सही: खुशाल सोनकांबळे